चित्र आहे, उजेड नाही

न्हाणीघराच्या दाराची कडी खट्कन निघाली आणि तिने लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली घेतलं. पुरतं मिटलं की मशीन झोपी जातं आणि जागं व्हायला वेळ लावतं, म्हणून अर्धंच. हाताला आता इतकी सवय झाली होती की दाराची कडी आणि हे झाकण एकाच दोरीला बांधल्यासारखी हलायची. नवरा डोकं पुसत बाहेर आला, ओला टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकून स्वयंपाकघरात गेला. तो पाणी पीत असल्याचा आवाज ऐकून तिने झाकण पुन्हा वर केलं.

पडदा काळाच राहिला.

तिने उजेड वाढवायचं बटण दाबलं. दाबत राहिली. आतला पंखा घुमत होता, कडेचा इवलासा हिरवा दिवाही लागलेला होता. तिने मान वाकवून नाक जवळजवळ काचेला टेकवलं. झोपलेल्या माणसाच्या पापणीखाली बुबुळ हलावं तसं काहीतरी आत होतं. पान गेलेलं नव्हतं, दिसेनासं झालं होतं एवढंच.

ते पान म्हणजे दुसऱ्या गावातल्या एका खोलीचा फोटो होता. मोठी खिडकी, तिच्याखाली पलंग, कोपऱ्यात दोन माणसांपुरता ओटा. त्या गावात लहान मुलांची पाठ्यपुस्तकं काढणारी एक संस्था होती, आणि पुस्तकाची पानं लावायला, म्हणजे मजकूर आणि चित्रं पानावर बसवायला, तिथे तिला बोलावलं होतं. घरी बसून, लेक, मुंगी, झोपली की, मुंगी शाळेत गेली की, असं चोरून-मारून करायचं तेच काम, पण तिथे टेबलाशी बसून, खुर्चीवर पाठ टेकून. तिने हो म्हणून टाकलं होतं. खोलीच्या मालकीणबाईंना आज संध्याकाळच्या आत उत्तर हवं होतं. आणि नवऱ्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. सांगायचं राहिलंय, असं ती मनाशी म्हणायची, जणू दूध आणायचं राहिलंय.

भांडण असतं तर सोपं होतं. भांडण नव्हतं. तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता, आणि घरी आल्यावर घर दुरुस्त करायचा. एकदा, मुंगी तान्ही असताना, ती त्याला म्हणाली होती, "मला इथे गुदमरायला होतं रे." त्याने सगळं नीट ऐकून घेतलं होतं, आणि पुढच्या सुट्टीला स्वयंपाकघरात हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला होता. चांगला पंखा होता. अजून फिरत होता. त्यानंतर तिने तसलं काही म्हटलं नव्हतं. नोकरीचं विचारलं असतं तर तो "बघू" म्हणाला असता, आणि या घरात बघू म्हणजे स्क्रूड्रायव्हर शोधायला उठणं.

"काय झालं गं?" तो पाण्याचा पेला हातात घेऊन दारात उभा होता.

"कुठे काय."

"काही नाही तर काचेचा मुका का घेतेयस?"

पलंगावर बसून शेंगा मोडणाऱ्या सासूबाई खुदकन हसल्या. तिने मान वर केली.

"पडदा गेला. अंधार झालाय नुसता."

त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिला तोंडपाठ होतं. सुट्टीचा दिवस, आणि घरात बिघडलेली वस्तू. दुसऱ्या कुणाला मिठाई दिसावी तसं.

"आण इकडे."

"राहू दे ना. उद्या दुकानात टाकते. तुझा एक तर दिवस मिळतो सुट्टीचा."

"दुकानात?" सासूबाई म्हणाल्या. "अगं, या घरातून दुरुस्तीला बाहेर गेलेली शेवटची वस्तू म्हणजे माझी दाढ. आणि तीसुद्धा त्याने आधी टॉर्च मारून बघितली होती."

"आई, तुझी दाढ हलत होती. ती मी पण काढली असती."

"ऐकलंस?"

त्याने तोवर लॅपटॉप उचलून जमिनीवर, चटईवर नेऊन ठेवलाही होता. ती मागोमाग गेली, मग उगाच परत आली, टेबलावरचा कपाचा डाग पदराने पुसला, पुन्हा गेली. मुंगी बाहुलीचा एक बूट शोधत चटईवर रांगत होती. ती बालवाडीत जाण्याच्या वयाची होती. सापडेल तो कण उचलून कुठेतरी नेऊन ठेवायची, म्हणून तिचं नाव मुंगी पडलं होतं.

"टॉर्च दे फोनचा," तो म्हणाला.

"तुला दिसायचं नाही त्यात काही."

"तेच तर बघायचंय, दिसतं का."

त्याने खिडकीचा पडदा ओढून घेतला, फोनचा दिवा लावला आणि तिरका धरून काचेला लावला. काळ्या पडद्यावर बशीएवढं एक फिकट वर्तुळ उमटलं. वर्तुळात रेघा होत्या.

"हे बघ," तो म्हणाला. आवाजात समाधान होतं. "चित्र आहे, उजेड नाही. पडदा मेलेला नाहीये. मागचा दिवा तेवढा लागत नाही."

"म्हणजे बरा होईल?"

"होईल की. मेला असता तर गोष्ट वेगळी."

वर्तुळ सरकत सरकत डावीकडे गेलं. खिडकीच्या चौकटीचा कोपरा आला. पलंगाची कड आली. ती त्याच्या खांद्यामागे उभी होती आणि ते वर्तुळ जिथे जिथे जात होतं तिथे तिथे तिचा श्वास थांबत होता.

"हे काय आहे?" त्याने विचारलं. "घर?"

"पुस्तकातलं आहे." उत्तर इतकं चटकन आलं की तिचं तिलाच नवल वाटलं. "दुसरीच्या पुस्तकात 'आमचं घर' असा धडा आहे. त्यासाठी."

"माणसं नाहीत घरात?"

"माणसं नंतर टाकतात."

"मला टाक त्यात," मुंगी बाहुलीचा बूट घेऊन उठली. "मला टाक आणि बाहुलीला टाक."

"आणि आजीला?" सासूबाईंनी विचारलं.

मुंगीने विचार केला. "आजी बसूनच असते. आजीला जागा खूप लागते."

"घ्या! पुस्तकातसुद्धा मला जागा नाही."

तो हसला. हसता हसता वर्तुळ खाली घसरलं, तिथे, जिथे मालकीणबाईंचे निरोप येत. तिने वाकून त्याचा हात धरला.

"अरे, आधी बंद कर ना ते. चालू मशीनला हात घालतोस, शॉक बसेल."

"याचा कसला शॉक." पण तिने हात सोडला नाही, तेव्हा तो म्हणाला, "बरं बाई. करतोय बंद. एकच बघू दे."

त्याने टॉर्च खाली ठेवला आणि झाकण दोन्ही हातांनी धरून सावकाश पुढे आणलं, सावकाश मागे नेलं. कान देऊन ऐकल्यासारखी त्याची मान कलली होती. लिफ्टच्या दोराजवळही तो असाच उभा राहत असावा. झाकण एका जागी आलं आणि पडदा भक्कन पेटला. पूर्ण खोली, खिडकी, पलंग, खालच्या ओळी, सगळं एका डोळ्याच्या उघडझापेपुरतं. आणि पुन्हा काळोख.

तिने त्याच्याकडे बघितलं. तो बिजागरीकडे बघत होता.

"सापडलं," तो म्हणाला. "दिवा ठीक आहे. वायर आहे खराब." आणि त्याने मशीन बंद केलं.

पंखा घुमायचा थांबला. आता सगळी पानं मिटली असतील, काहीच उरलं नसेल. मशीन परत सुरू झालं की ती पहिली पुढे होईल. आणि आज रात्रीच्या आत, नाही, दुपारच्या आत, ती सांगेल. शब्द तयार होते. ते कितीदा तरी मनात जुळवून झाले होते, पानावर मजकूर बसवावा तसे, इकडचा शब्द तिकडे करून.

त्याने मशीन पालथं घातलं. एकेक स्क्रू काढून वाटीत टाकला, मागचं झाकण उचलून बाजूला ठेवलं, बॅटरीची वायर आधी सोडवली. मग जुनं बाद झालेलं प्लास्टिकचं कार्ड घेऊन पडद्याच्या चौकटीच्या फटीत घातलं. चौकट कट कट करत सुटत गेली. काम करताना तो बोलायचा, ही त्याची पद्धत होती. एरवी दिवसभर चार वाक्यं बोलणारा माणूस हातात हत्यार आलं की शाळामास्तर व्हायचा.

"ही बघ, ही वायर खालून वर जाते. पडद्याला लागेल ते सगळं हिच्यातून. चित्र पण, उजेड पण. बिजागरीतून वळसा घेते, म्हणून तिथेच..." तो थांबला. "टॉर्च धर जरा."

तिने टॉर्च धरला. केसासारख्या बारीक तारांची ती चपटी जुडी एका ठिकाणी सोलवटलेली होती. काळ्या कातडीखालून तांबं चमकत होतं.

"अशी का झाली?" तिने विचारलं. तिला खरंच कळलेलं नव्हतं.

"तेच बघतोय. उघड-मीट करून वायर झिजते, पण मग सगळीकडे सारखी झिजते. ही एकाच जागी चिमटलीय." त्याने चौकट हातात धरूनच ती किती अंशात उभी राहते ते करून बघितलं. "इथे. अर्ध्यावर. कुणीतरी हे सारखं अर्ध्यावर आणून थांबवतंय. पूर्ण मिटत नाही आणि पूर्ण उघडत नाही. लिफ्ट रोज दोन मजल्यांच्या मध्येच थांबवत राहिलं तर जसं होईल तसं."

तिने टॉर्च दुसऱ्या हातात घेतला.

"मुंगी येते ना मध्ये मध्ये," ती म्हणाली. "बटणं बडवते. म्हणून घेते मी खाली."

"मी आले की नाही घेत," मुंगी म्हणाली. तिचं सगळं लक्ष बाहुलीच्या पायात बूट कोंबण्यात होतं. "मी आले की आई मांडीवर घेते."

"मी खोलीत आले की मात्र घेते हं," सासूबाई शेंगेचा देठ ओढत म्हणाल्या. "टपकन. मला वाटायचं, मोठ्या माणसाचा मान ठेवते पोरगी. म्हटलं, आजकाल कोण ठेवतं!" आणि आपल्याच बोलण्यावर त्या हसल्या.

"बाबा आले की पण," मुंगी म्हणाली.

सासूबाईंचं हसू थोडं पुढे गेलं आणि एकटं पडून थांबलं. स्वयंपाकघरातला पंखा तेवढा ऐकू येत होता.

नवऱ्याने चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा कापला, टोकं गोल केली, आणि तो चिमट्यात धरून वायरीवर गुंडाळायला घेतला. हा भाग अवघड होता, एरवी त्याने तो नक्की समजावून सांगितला असता. आता त्याची मान खालीच होती. आंघोळीचं पाणी अजून त्याच्या मानेवर तसंच होतं, एक थेंब कॉलरमध्ये उतरला.

"ऐक ना," ती म्हणाली.

"थांब. टोक सुटेल हातातून."

"मला तुला काहीतरी..."

"हात हलतोय तुझा. स्थिर धर."

तिने दुसऱ्या हाताने मनगट धरलं. तरी हलत होता. तांब्यावर उजेड थरथरत राहिला आणि त्याने त्या थरथरत्या उजेडातच पट्टी बसवली, वायरीला पहिल्यापेक्षा थोडा सैल वळसा दिला, म्हणजे पुन्हा ताण आला तरी ती चिमटणार नाही. मग चौकट कडेकडेने दाबत बसवली. बॅटरी जोडली. मागचं झाकण नुसतं टेकवलं.

"बघू लागतंय का."

"मी करते," ती पुढे झाली. पण त्याचं बोट बटणावर गेलंही होतं.

पडदा उजळला. इतका, की तिला डोळे बारीक करावे लागले. मघाशी वाढवलेला उजेड तसाच पूर्ण चढलेला होता. तिने बाण हलवायला हात लांबवला, पण त्याआधी पडद्यावर एकामागून एक पानं उलगडायला लागली. तिनेच ही सोय करून ठेवली होती. मुंगी रडत उठली, दूध उतू गेलं, दार वाजलं, की हातातलं काम जसंच्या तसं सोडून उठावं लागे. म्हणून मशीन बंद झालं तरी सुरू होताना सगळी पानं आपोआप परत यावीत, जिथे होती तिथेच, असं तिने पहिल्याच आठवड्यात लावून घेतलं होतं. इतके दिवस त्या सोयीला ती दुवा देत आली होती.

दुसरीच्या पुस्तकाचं अर्धं लागलेलं पान आलं. मग खोली आली. खिडकी, पलंग, ओटा. खाली मालकीणबाईंचा नवा निरोप.

*दोघींना आरामात पुरेल हो. मुलीची शाळा गल्लीच्या टोकालाच आहे. आज नक्की कळवा, म्हणजे दुसऱ्यांना नाही सांगते.*

त्याने वाचलं. त्याला वाचायला वेळ लागायचा, आणि त्याने तो घेतला. तिच्या तोंडात एवढे दिवस जुळवलेला सगळा मजकूर होता आणि त्यातला एक शब्द जागेवर सापडेना.

"लागला का रे दिवा?" पलंगावरून सासूबाईंनी विचारलं.

"लागला, आई."

"बघ. दुकानवाल्याने आठ दिवस ठेवून घेतला असता."

त्याने झाकण सावकाश पुढे आणलं, मागे नेलं. अर्ध्यावर आणून धरलं. उजेड जागचा हलला नाही. मग त्याने ते पूर्ण मिटलं, मशीन पालथं घातलं आणि वाटी जवळ ओढली. पाठ तिच्याकडे होती.

"मी सांगणार होते," ती हळू म्हणाली. "आजच."

"हं."

"तुझ्यावर रागावून नाही रे. खरंच नाही."

स्क्रूड्रायव्हर फिरत राहिला. एक स्क्रू, दुसरा स्क्रू. पलंगावर शेंग मोडल्याचा आवाज बराच वेळ आला नव्हता.

"पलंग खिडकीखाली नका ठेवू," तो म्हणाला.

"काय?"

"त्या फोटोत. खिडकीखालची भिंत बघ. तेवढाच पट्टा नवा रंगवलाय, बाकी सगळा रंग जुना आहे. आत ओल असणार. मुंगीला लगेच खोकला धरतो." त्याने स्क्रू पिळून घट्ट केला, लागत होता त्याहून जास्त. "समोरच्या भिंतीला लावा. आणि त्या बाईंना म्हणावं, आधी गळती काढा. तिकडे कुणीतरी असेलच कामं करणारा. बोलावून घे."

या घरात कधी कुणाला बोलावलं नव्हतं.

त्याने मशीन उचलून टेबलावर, तिच्या जागेवर ठेवलं, धूळ नसताना तळव्याने एकदा पुसलं. चिमटा, कार्ड, चिकटपट्टी, सगळं चटईवर तसंच पडलं होतं. हत्यारांची पेटी उघडी होती. त्याने चपला पायात सरकवल्या.

"जरा खाली जाऊन येतो."

"अरे, डोकं ओलं आहे अजून," सासूबाई म्हणाल्या. त्याने ऐकलं नाही. दार लागलं. मग त्या सुनेकडे न बघता म्हणाल्या, "लोकांना वर-खाली करत असतो दिवसभर. स्वतः मात्र एका मजल्यावरचा." बोलणं थट्टेचंच होतं, पण आवाज त्याच्याबरोबर आला नाही. मांडीवरचं ताट उचलून त्या उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. थोड्या वेळाने त्यांनी तिथला पंखा बंद केला.

ती टेबलाशी बसली. झाकण उघडलं, पूर्ण, हाताला जाईल तेवढं मागे. पडदा लखलखीत होता. उत्तराच्या रिकाम्या चौकटीत ती उभी रेघ लुकलुकत होती, पटकन लिही, पटकन लिही म्हणत. तिने 'नमस्कार' लिहिलं आणि पुसलं. पुन्हा लिहिलं. खिडकीखालच्या भिंतीकडे बघितलं; खरंच, तेवढाच पट्टा नवा होता. इतक्यांदा बघूनही तिला तो कधी दिसला नव्हता.

मुंगी चटईवर बाबांच्या जागेवर बसून काहीतरी टोकरत होती. मग उठून आली. बंद मूठ टेबलावर ठेवली आणि सावकाश उघडली. तळहातावर एक बारीक काळा स्क्रू होता.

"आई, हा बाबांनी लावलाच नाही."

तिने स्क्रूकडे बघितलं. मग मशीनकडे. त्याच्या हातून आजवर कधी काही उरलं नव्हतं. मशीन चालू होतं, उजेड पुरेपूर होता, पंखा मंद घुमत होता.

मुंगीने मान वाकवून पडद्यात पाहिलं, पुन्हा आपल्या हातात पाहिलं.

"हा नसला तरी चालतं का गं, आई?"